रणगाड्याची चाकं मोजणारे

माझा एक भाचा आहे. मुलगा गुणी. वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, वेळेवर घरी येतो, आईला उलटून बोलत नाही. दोष म्हणाल तर एकच. त्याच्या शेजारी बसून युद्धाचा सिनेमा बघता येत नाही. पडद्यावर रणगाडा दिसला रे दिसला, की हा रिमोट दाबून चित्र जागच्या जागी थांबवतो, टीव्हीपाशी जातो आणि काचेला बोट लावून चाकं मोजतो. "मामा, पाच! पहिल्या आणि दुसऱ्या चाकात फट बघा केवढी आहे. हा रशियन टी-55. आणि हे लोक सांगतायत काय, तर सेंच्युरियन! सेंच्युरियनला सहा असतात, सहा!" तोवर नायक बिचारा मरणाच्या दारात, तोंड उघडं ठेवून, आमची मोजणी कधी संपते याची वाट बघत उभा असतो.

हा एकटाच असता तर मी गप्प बसलो असतो. घरातली गोष्ट घरात. पण ही जमात वाढली आहे. परवा टपरीवर चहा पिताना शेजारची दोन पोरं एका सिनेमाचं पोस्टमॉर्टेम करत होती, आणि त्यात कथा, नट, गाणी यांचा उल्लेखही नव्हता. नळीचं तोंड चुकलं होतं म्हणे. बस्स! सिनेमा बाद! म्हटलं, आता आपण तोंड उघडलं पाहिजे. मी खोट्या रणगाड्यांचा वकील आहे. आणि वकिलाला फी कोण देतं हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणून सांगतो की एक खोटा रणगाडा मी स्वतः बनवलेला आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी मोजणाऱ्यांना एक विचारतो. खरे रणगाडे आणायचे कुठून? जर्मनांचा टायगर घ्या. हजार-तेराशे बनले, उरले बोटांवर मोजण्याइतके आणि त्यातला चालता-फिरता एकच, इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला, 1943 साली ट्युनिशियात धरलेला. मग सिनेमावाल्यांनी करायचं काय? त्यांनी जे मिळालं ते उभं केलं. 1965 च्या 'बॅटल ऑफ द बल्ज'मध्ये जर्मन टायगर म्हणून स्पेनच्या लष्कराचे अमेरिकी पॅटन आले. 1970 च्या 'पॅटन'मध्ये तर दोन्ही बाजूंना पॅटनच! म्हणजे जनरलसाहेब स्वतःच्याच नावाच्या रणगाड्यांवर स्वतःच्याच नावाचे रणगाडे सोडतायत, आणि हे नावसुद्धा त्या रणगाड्यांना जनरलसाहेब वारल्यावर मिळालेलं. त्याच साली 'केलीज हीरोज' आला. तो युगोस्लाव्हियात काढला, आणि तिथे रशियन टी-34 ला पत्रे ठोकून टायगर केले. अठ्ठावीस वर्षांनी 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये पुन्हा तीच युक्ती. आणि 1977 च्या 'अ ब्रिज टू फार'मध्ये काही शर्मन निव्वळ फायबरचे, खाली लँडरोव्हर! हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. का, ते पुढे कळेल.

आपल्याकडे तर ही परंपरा घरचीच आहे. 1913 साली दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये हेच अण्णा राम झाले आणि सीताही तेच झाले. एका टी-55 नं दोन्हीकडून लढावं तसं. थिएटरात कोणी उठून सीतेचे दंड मोजल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आमच्या गंगापूर तालुक्यात बहुरूपी यायचा. खाकी घालून, दंडुका आपटत, "वॉरंट आहे तुमच्या नावाचं!" म्हणून ओरडायचा. सगळ्या गावाला ठाऊक, की हा पोलीस नाही. पण त्याचा बिल्ला नंबर कोणी विचारला नाही. दरारा आणला की पायली, नाही आणला की पसाभर, असा रोख हिशेब होता.

तर आता माझा रणगाडा.

1999 सालची गोष्ट. कारगिल जुलैत संपलं आणि सप्टेंबरात गणपती बसले. त्या वर्षी गल्लोगल्ली गणपती बर्फात बसले होते. आमच्या भागातल्या एका मंडळाचे अध्यक्ष माझ्या वाळूजच्या शेडवर आले. फॅब्रिकेशनचा धंदा, त्यामुळे गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत काहीही मागायला लोक येतात. हे म्हणाले, "मिरवणुकीत टँक पाहिजे. फिरता." मी म्हटलं, "अहो, सोळा हजार फुटांवरची लढाई, तिथे टँक कसा चढेल? बोफोर्सची तोफ करू." अध्यक्ष म्हणाले, "तोफ एका जागी उभी राहते. पब्लिकला फिरतं पाहिजे. आणि टायगर हिल म्हणतात ते काय उगाच?" या युक्तिवादापुढे मी शरण गेलो.

खाली भंगारातला एक चालू टेम्पो घेतला. वर अँगलचा सांगाडा, त्यावर सोळा गेजचा पत्रा. नळी म्हणून बोअरवेलचा केसिंग पाईप. पट्ट्यासाठी कन्व्हेयरचा जुना बेल्ट, त्याला नटबोल्टनं पट्ट्या मारल्या. चाकं म्हणजे ऑइलच्या बॅरलची झाकणं. ती दहाच मिळाली, म्हणून एका बाजूला पाच. (भाच्यानं नोंद घ्यावी. त्या वेळी तो नऊ वर्षांचा होता आणि त्याची काही तक्रार नव्हती.) रेड ऑक्साईडवर हिरवा रंग मारला, चिखलाचे पट्टे ओढले, आणि शेडच्या दारात रणगाडा उभा राहिला तेव्हा माझा ऊर भरून आला. लेथवाल्यांनी काम सोडलं, पलीकडचे पावडर कोटिंगवाले धावत आले.

बघणाऱ्यांत शेजारच्या कंपनीच्या गेटवर वॉचमन असलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे दफेदार म्हणायचे. नगरला रणगाडा शिकलेले, आयुष्य विजयंतामध्ये काढलेलं आणि पेन्शनीत भागेना म्हणून गेटवर उभे. ड्युटी संपवून आले, एक प्रदक्षिणा घातली, म्हणाले, "शेठ, आत बसून बघू का?" वर चढले, झाकण लावून घेतलं. दोन मिनिटांनी बाहेर आले.

"बाहेरून झकास आहे. पण आत जागा फार आहे."

मला वाटलं, कौतुक करतायत. मी म्हटलं, "मग! ऐसपैस केलंय." ते हसले नाहीत. खडू मागून घेतला आणि शेडच्या फरशीवर एक चौकोन काढला. चौकोन केवढा, तर माझ्या टेबलापेक्षा थोडा मोठा. मधोमध तोफेचं बूड. "हा तोफची. त्याच्या पाठीला गुडघे लावून वर कमांडर. या बाजूला गोळा भरणारा. ड्रायव्हर खाली पुढं, वेगळा. तोफेची नळी त्याच्या झाकणावर येऊन थांबली, तर त्याला वरून निघता येत नाही. तोफ उडली की हे बूड मागं येतं, आतच येतं, कोपर वाचवायचं." मग आमच्या तीन वेल्डरांना त्या चौकोनात उभं केलं. पोरं खिदळत होती. दफेदारांनी कोपऱ्यातली वीसेक किलोची डाय दाखवून त्यातल्या एकाला म्हटलं, "उचल. छातीशी धर. दुसऱ्याला न लागता इकडून तिकडं ने. पुन्हा. पुन्हा." पाचव्या वेळेला खिदळणं थांबलं. "आता डोक्यावर उन्हात तापलेलं लोखंड धरा, मागं इंजिन धरा, डोळ्यांत बारुदाचा धूर धरा," दफेदार म्हणाले, खडू परत दिला आणि जेवायला गेले.

मी दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना सांगितलं, की आत जागा कमी करू. ते म्हणाले, "वेडे का काय? माझी दोन, खजिनदारांची तीन आणि तुमचा भाचा कुठं बसणार?" जागा तशीच राहिली. मिरवणुकीत पहिल्याच खड्ड्यात आमचा पन्नास टनी रणगाडा टुणकन उडाला, नळी एका मांडवाच्या कनातीत अडकली, आणि तरी लोकांनी 'भारतमाता की जय'चा असा गजर केला की बोलायची सोय नाही. चाकं कोणी मोजली नाहीत. निम्मं बिल अजून यायचं आहे, पण तो विषय वेगळा.

तेव्हापासून कुठलाही युद्धपट बघताना मी चाकांकडे बघत नाही, आतली जागा बघतो. आणि सांगतो, बहुतेक सिनेमे तिथे नापास होतात. आत एवढी ऐसपैस जागा, की नायक उभा राहून भाषण करतो, खिशातून बायकोचा फोटो काढतो, तो हात लांब करून बघतो! अरे, हात लांब करायला जागा कुठली? आमच्या अध्यक्षांसारखंच यांचंही. पोरं बसवायची असतात, जागा लागते. आता तर रणगाडे संगणकावर काढतात. चाकं बरोब्बर, एकही चुकलेलं नाही, आणि चालतात कसे, तर माझ्या टेम्पोसारखे टुणटुण. वजन नाही. थांबताना नाक खाली जात नाही, वळताना जमीन उखडत नाही. भाचा मात्र खूश.

त्याचं दैवत म्हणजे 2014 चा 'फ्युरी'. कारण त्यात तो बोव्हिंग्टनचा खराखुरा टायगर आहे. कबूल, बघताना अंगावर काटा येतो. पण शेवटी पट्टा तुटून जागीच बसलेल्या एका रणगाड्यातली पाच माणसं तीनशे जर्मनांना रात्रीपर्यंत थोपवतात, ते याला चालतं! चाकं खरी ना, मग झालं. उलट 2009 चा 'लेबनॉन' बघा. इस्रायली दिग्दर्शक सॅम्युएल माओझ हा 1982 च्या लढाईत स्वतः तोफची होता. त्यानं जवळजवळ सगळा सिनेमा रणगाड्याच्या पोटात ठेवला. बाहेरचं जग दिसतं ते तोफेच्या दुर्बिणीच्या भोकातून. घाम, तेल, भीती. मोजायला चाकंच नाहीत. व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला. भाचा अर्ध्यावर उठून गेला.

मोजणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. ते म्हणतात, आज रणगाडा चुकीचा दाखवाल, उद्या लढाईच चुकीची दाखवाल. खरं आहे. 'बॅटल ऑफ द बल्ज'ची लढाई 1944 च्या डिसेंबरात, आर्देनच्या जंगलात, बर्फात झाली. आणि सिनेमा संपतो कोरड्या खडखडीत माळरानावर, आमच्या नेवासा फाट्याच्या पुढं उन्हाळ्यात दिसतं तशा. तिथे पॅटनला माफ करीन, माळरानाला नाही. थंडीनं मेलेल्या माणसांची थंडीच काढून घेतली की राहिलं काय?

याच नेवासा फाट्यावरून तसंच पुढे गेलं, की वाळूजपासून शंभरेक किलोमीटरवर नगर. तिथं 1994 साली रणगाड्यांचं संग्रहालय उघडलं. आणि तिथल्याच चिलखती दलाच्या केंद्रात 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन जपून ठेवलाय. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याचा. जन्म पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स, वय एकवीस. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत हा रणगाडा पेटला, बाहेर पड म्हणून वरून हुकूम आला. तोफ अजून चालतेय, असं वायरलेसवर सांगून तो आतच राहिला. परमवीरचक्र मिळालं. त्याच्यावर श्रीराम राघवन यांनी 'इक्कीस' काढला, 2026 च्या सुरुवातीला तो थिएटरांत आला.

भाच्याला घेऊन गेलो होतो. थिएटरात रिमोट नसतो, ही देवाची कृपा. तरी बाजूला बोटं हलताना दिसली. मी हळूच म्हटलं, "अरे, त्याचं वय मोज. तुझ्यापेक्षा कितीनं लहान?" त्यानंतर बोटं हलली नाहीत.

तेव्हा यापुढे कोणा दिग्दर्शकाला रणगाडा हवा असेल तर नगरचा मागू नका. तो त्याच्या जागी राहू द्या, त्याला कापायचं नाही, पत्रे ठोकायचे नाहीत. वाळूजला या. पत्रा दहा गेजचा मारू, खाली टेम्पोऐवजी जुनं पोकलेन घालू, म्हणजे टुणटुण होणार नाही. चाकं पाच सांगा, सहा सांगा, झाकणं मिळतील तेवढी लावू. फक्त आतलं माप तुम्ही द्यायचं नाही. ते दफेदारांच्या खडूचं आहे, फरशीवरून मी वहीत उतरवून ठेवलंय, आणि त्यात नायक बसत नसेल तर बारीक नायक घ्या. ॲडव्हान्स निम्मा.