विष्णुपुरीहून हैदराबाद किती दूर?

१९९४ साली विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी शांघायमध्ये चीन-युरोप बिझनेस स्कूल. आज मोठ्या कंपन्या व्यवस्थापक शोधताना अमेरिका-युरोपबरोबरच शांघाय, सिंगापूर, हैदराबादकडेही पाहतात. कारण त्यांचा बाजार आशियात वाढतो आहे. हैदराबादची आयएसबी २००१ पासून सुरू आहे, नांदेडहून एका रात्रीच्या प्रवासावर. तरीही तिकडे जायचे म्हणणारी मुले, त्यातही मुली, मला आपल्या मोहल्ल्यांत क्वचितच भेटतात. अडते ते बुद्धीपाशी नाही; इंग्रजी, जीमॅटची तयारी आणि फी यांपाशी अडते. लग्नाच्या दावतींचा खर्च आवरून अभ्यासिका आणि शिष्यवृत्तीचा निधी उभा करू या. दुकानाचा हिशेब आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आता कंपनी चालवायलाही शिकू या.