पेपर पास झाला, आता वाचायचं काय?



आमच्या मोझरीतल्या एका मावशीनं उल्लासची परीक्षा दिली. वय साठीच्या पुढं. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे १५० गुण. पास झाली, प्रमाणपत्र आलं, पेढे वाटले. आठ महिन्यांनी बँकेत माझ्यासोबत आली आणि फॉर्मवर अंगठा पुढं केला. म्हटलं, "मावशी, काहून?" तर म्हणे, "इसरली रे बाप्पा. वाचाले घरात हाय का काही?"

तिचं काय चुकलं सांगा? आपण अक्षरं शिकवतो, पण वाचायला काहीच देत नाही. सायकल शिकवायची अन् मग सायकलच काढून घ्यायची, असं झालं हे.

मी तिला मोठ्या अक्षरातली ग्रामगीता दिली. महाराजांनी १९५५ साली ती ओवीत लिहिली, तीही खेड्यातल्या माणसाला समजेल अशा भाषेत. प्रार्थनेला जाऊन जाऊन मावशीला कितीतरी ओव्या पाठ. ओवी ओठावर आधी यायची, मग बोटाखाली तेच अक्षर सापडायचं. चेहरा असा खुलायचा की काय सांगू!

पाठ असलेलं म्हणणं म्हणजे वाचणं नाही, हे मान्य. म्हणून पुढं विनोदाचं पातळ पुस्तक दिलं. आता ती निंदणाला जाताना बायकांना चुटके सांगते. पुढचा चुटका पाहिजे म्हणून रात्री स्वतःच पुस्तक उघडते. अभ्यास म्हणून हे झालं नसतं.

काही जण म्हणतात, "गोष्टी-चुटक्यांनी काय होते?" अहो, सवय लागते. सवय लागली की मग बँकेचा फॉर्म, सातबारा, औषधाची चिठ्ठी यांची भीती जाते.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो:

१. गावच्या वाचनालयात नवसाक्षरांसाठी एक फळी ठेवा. पातळ पुस्तकं, मोठा टाइप, हसवणाऱ्या, सासू-सुनेच्या, शेतीच्या गोष्टी.

२. शिकवणाऱ्या स्वयंसेवकांनो, वर्गाची शेवटची पंधरा मिनिटं फक्त आवडीचं वाचन. प्रश्न विचारू नका. 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट आहेत, त्या छापून घ्या. आजी त्या नातवालाही वाचून दाखवील.

३. पुण्यतिथी महोत्सवाला याल तेव्हा एक पातळ पुस्तक घ्या अन् शेजारच्या मावशीच्या हाती द्या.

परवा मावशीनं सही केली. वाकडीतिकडी, पण स्वतःची.

तुमच्या गल्लीत असं कोण आहे? कमेंटमध्ये सांगा.