कुत्र्याची नसबंदी डॉक्टर करतात, पण टेबलाजवळचा दुसरा माणूस कोण?

२२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पकडलेल्या भागातच परत सोडा. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री याला अपवाद. ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं इथली कुत्री उचलायची आणि पुन्हा तिथे सोडायची नाहीत.

प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची, म्हणजे नांदेड आणि लातूरमध्ये महापालिकांची. यात चर्चा होते ती पिंजरे, निधी आणि डॉक्टरांची. शस्त्रक्रियेतल्या सहाय्यकाबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

हा सहाय्यक करतो काय?

भुलीचा डोस वजनावर ठरतो, म्हणून आधी कुत्र्याचं वजन घ्यायचं. मग केस काढून जागा निर्जंतुक करायची. मादीच्या नसबंदीत पोट उघडून अंडाशय आणि गर्भाशय काढतात. तेव्हा डॉक्टरांचे दोन्ही हात गुंतलेले असतात. श्वास, नाडी आणि हिरड्यांचा रंग यावर लक्ष ठेवतो तो सहाय्यक. बाहेर मराठवाड्याचं ऊन असलं तरी भुलीतल्या कुत्र्याचं अंग थंड पडू शकतं. पोट शिवण्याआधी गॉज मोजायचे असतात. एखादा आत राहिला तर जिवावर बेतू शकतं.

पाळीव कुत्र्याचे टाके उसवले तर मालक त्याला दवाखान्यात आणतो. रस्त्यावरच्या कुत्र्याला मालकच नसतो. त्यामुळे केंद्रात राहिलेली चूक थेट रस्त्यावर जाते.

धोका किती?

रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मृत्यू जवळपास अटळ. म्हणूनच कुत्रे हाताळणाऱ्यांनी चावा बसण्याआधीच लस घेणं गरजेचं. त्यानंतरही चावा बसला तर जखम साबणाने धुऊन पुढचे डोस घ्यावेच लागतात.

कायद्यात याला जागा आहे का?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार उपचार आणि शस्त्रक्रियेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. राज्याने परवानगी दिल्यास पदविकाधारक त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देऊ शकतात. पण ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय परिचारिकांची जशी स्वतंत्र नोंदणी होते, तशी देशपातळीवरची व्यवस्था आपल्याकडे नाही. त्यामुळे कुणाला किती शिकवायचं, हे बरंचसं त्या त्या केंद्रावर अवलंबून राहतं.

खरंतर उपाय जवळच आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि नांदेडशेजारी परभणीला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. महापालिकांनी ठरवलं तर सहाय्यकांचं प्रशिक्षण तिथे होऊ शकतं.

तुम्ही काय विचारू शकता?

महापालिकेने किती कुत्र्यांची नसबंदी केली, हा आकडा तर विचाराच. सोबत तीन प्रश्न जोडा. टेबलाजवळचा सहाय्यक कुठे शिकला? त्याला रेबीजची लस दिली का? आणि शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याची जखम तपासल्याची नोंद कुठे आहे?