मेन्यूकार्डावरचा शेतकरी

कॅलिफोर्नियातल्या बर्कली या विद्यापीठाच्या गावी शॅटक अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या एका जुन्या घरात ‘शे पानीस’ नावाचे उपाहारगृह १९७१ सालापासून चालू आहे. नाव फ्रेंच, मार्सेल पान्योल यांच्या चित्रपटत्रयीतल्या पानीस या भल्या गृहस्थाचे. ‘शेतातून थेट ताटात’ या सध्याच्या टूमेचे मूळ शोधू जाणारे बहुधा याच घरापाशी येऊन थांबतात. टूम म्हटले, कारण आता पुण्यामुंबईतही ही भाषा बोलणारी महागडी हॉटेले निघाली आहेत आणि महामार्गांवर तर त्यांचे पीकच आले आहे. या टूमेतले खरे काय आणि देखावा किती, हे पाहायचे तर मूळ ठिकाण पाहिलेले बरे.

हे हॉटेल काढले तेव्हा अ‍ॅलिस वॉटर्स सत्तावीस वर्षांच्या होत्या. विद्यार्थीदशेत फ्रान्समध्ये राहून आलेल्या, पुढे माँटेसरी पद्धतीचे शिक्षण घेऊन मुलांना शिकवलेल्या. (ताराबाई मोडकांमुळे माँटेसरी हा शब्द आपल्याला परका नाही, हाताने करून, चाखून, हुंगून शिकायचे, हे त्याचे सार.) फ्रान्समध्ये सकाळी बाजारात जे येई तेच दुपारी ताटात येई, ते त्यांच्या मनात बसले होते. पहिल्या दिवशीचे संपूर्ण जेवण ३ डॉलर ९५ सेंटला होते. हाताखाली माणसे गरजेपेक्षा जास्त, हिशेबाची बोंब, आणि पहिली बरीच वर्षे तोटा. माझ्या टेबलावर असा प्रस्ताव आला असता तर मी तो नम्र शेरा मारून परत पाठवला असता, आणि तो शेरा बँकेच्या नियमांप्रमाणे बरोबरच असता.

२०२४ च्या जुलैत मुलाकडे गेले असताना मी तिथे जेवले. खालच्या मजल्यावर संध्याकाळी एकच ठरलेले जेवण असते. काय असावे ते स्वयंपाकघर ठरवते, गिऱ्हाईक नाही. माणशी खर्च दीडशे डॉलरच्या पुढे. आम्ही वरच्या कॅफेत गेलो. तो १९८० साली सुरू झाला आणि त्या मानाने स्वस्त आहे. ‘त्या मानाने’ हे शब्द महत्त्वाचे. डॉलरचे रुपये करायचे नाहीत, अशी ताकीद मला घरातून निघतानाच मिळाली होती. पण जन्म बँकेत काढलेल्या बाईला हे सांगणे म्हणजे मांजराला शिंक्याखाली बसवून उपवास धरायला सांगणे.

जेवणाचे वर्णन करीत बसत नाही. पालेभाजीची कोवळी पाने, टोमॅटो, चुलीतून काढलेला पाव. सगळे साधे, आणि साधेपणाच्या मानाने विलक्षण चवीचे. शेवटी गोड म्हणून एका वाडग्यात पीचची फळे आली. साय नाही, साखर नाही, काही नाही. फळे आणि एक सुरी. सूनबाई हळूच म्हणाली, “आई, हे तर आपण बाजारातूनही आणलं असतं!” गंमत अशी, की या चवीचे पीच अमेरिकेतल्या नेहमीच्या बाजारात सहसा मिळत नाहीत.

या हॉटेलने ज्यांचे पीच वाढले त्यांत डेव्हिड मासुमोटो हे फ्रेस्नोजवळचे, तिसऱ्या पिढीचे जपानी-अमेरिकन शेतकरी आहेत. त्यांच्या बागेत ‘सन क्रेस्ट’ नावाची जुनी जात होती. रसाळ, सुगंधी, पण पिकल्यावर लालभडक न दिसता पिवळसर सोनेरी दिसणारी आणि लवकर मऊ पडणारी. मोठ्या दुकानांना शीतगृहात टिकणारे, फळीवर उठून दिसणारे फळ हवे होते. चवीला कोणी विचारीना. झाडे उपटून टाकायची वेळ आली, तेव्हा मासुमोटोंनी त्या फळाचा मृत्युलेख लिहिला; १९९५ साली त्याच विषयावर त्यांचे पुस्तक आले. झाडे मात्र राहिली, कारण त्या फळासाठी जास्त पैसे मोजणारी गिऱ्हाइके भेटली. आपल्याकडेही टोमॅटोची साल जाड झाली आणि आंबटपणा पळाला, तो मालमोटारीच्या सोयीसाठी. फक्त त्याचा मृत्युलेख कोणी लिहिला नाही.

पण माझे लक्ष फळापेक्षा कार्डावर खिळले होते. पदार्थाच्या नावाशेजारी मळ्याचे नाव छापलेले होते. सगळ्या पदार्थांशेजारी नव्हे, काहींच्याच. तरी मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचले.

शेतकऱ्याचे नाव मी नोकरीत रोज वाचत असे. सातबारावर, आठ-अवर, पीककर्जाच्या अर्जावर, थकबाकीच्या यादीत. सोलापूर जिल्ह्यातल्या शाखेत असताना एक शेतकरी हप्ता का भरला नाही हे सांगायला येताना आडत्याची पट्टी घेऊन आला होता. त्याने पुण्याला टोमॅटो पाठवले होते. भाडे, हमाली, तोलाई, आडत वजा जाता त्याच्याकडूनच काही रुपये येणे निघत होते. याला ‘उलटी पट्टी’ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. (भाजीपाल्यावरची आडत २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले, बाकीच्या वजावटी आहेतच.) त्या पट्टीवर त्याचे नाव स्वच्छ अक्षरात होते. शेतकऱ्याचे नाव मालाबरोबर तिथवरच जाते. पट्टी फाटली की टोमॅटो नुसता टोमॅटो होतो, आणि पुढे त्याचे भाव करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या मालकाशी काही देणेघेणे उरत नाही. २०२४ साली रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा टोमॅटोवर गिऱ्हाईक खर्च करते त्या रुपयातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात असे निघाले. कांद्यात ३६, बटाट्यात ३७.

अमेरिका या बाबतीत स्वर्ग आहे असे मुळीच नाही. तिथल्या कृषी खात्याच्या आकड्यांप्रमाणे अन्नावर खर्च होणाऱ्या डॉलरमधले जेमतेम १५-१६ सेंट शेतावर पोचतात. म्हणून तर या एका घराची रीत लक्षात घ्यावीशी वाटते. १९८० च्या दशकात वॉटर्सबाईंनी वडिलांना आसपासचे मळे धुंडाळायला पाठवले. त्यांना सोनोमा भागात बॉब कॅनर्ड नावाचा शेतकरी सापडला. पुढे वर्षानुवर्षे कॅनर्ड यांनी मुख्यतः याच स्वयंपाकघरासाठी पिकवले. जे येईल ते हॉटेलने घ्यायचे आणि त्यावरून जेवण ठरवायचे. भाजी घेऊन येणारी गाडी परत जाताना स्वयंपाकघरातली साले-देठे खतासाठी मळ्यावर नेई. काव्य वगैरे राहू द्या; कर्ज देणाऱ्याच्या नजरेने यातली मोलाची गोष्ट एकच, पेरणीच्या आधी गिऱ्हाईक ठरलेले आहे. आमच्या अर्जात विहीर, बैल, बियाणे, खत सगळ्याचे रकाने होते. माल कोण घेणार, याचे उत्तर ‘मार्केट यार्ड’ एवढेच असे.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, हा आक्षेप खरा आहे. त्या गावातले मास्तर आणि बसचालक रोज तिथे जेवत नाहीत. वॉटर्सबाईंनाही तो टोचला असावा. १९९५ साली त्यांनी बर्कलीतल्याच एका सरकारी शाळेत मुलांसाठी भाजीमळा आणि स्वयंपाकघर सुरू करायला हात दिला, तो प्रकल्प आजही चालू आहे. मला मात्र चोचल्यांपेक्षा खोटेपणाचा राग जास्त येतो. २०१६ साली फ्लोरिडातल्या ‘टॅम्पा बे टाइम्स’च्या समीक्षक लॉरा रायली यांनी तिथल्या हॉटेलांच्या फळ्यांवरची मळ्यांची नावे एकेक करून तपासली. कितीतरी मळ्यांनी त्या हॉटेलांना माल दिलाच नव्हता. खोटे पकडले गेले, ते नाव लिहिले होते म्हणून. ‘ताजे’, ‘नैसर्गिक’ असे नुसते लिहिले असते तर काय तपासणार होत्या त्या?

आपले शहाणे लोक तेवढेच लिहितात. ‘गावरान’, ‘चुलीवरचे’, ‘अस्सल’. महामार्गावरच्या अशा एका आलिशान ठिकाणी दारात बैलगाडी होती, वर कंदील होते, आणि फेटा बांधलेल्या पोऱ्याला मी वांगी कुठली विचारले तर तो म्हणाला, “मॅडम, गोदामातली.” पोऱ्या प्रामाणिक होता. पैसे मात्र बैलगाडीचेही घेतले.

वास्तविक शेतावर जाऊन जेवणे आपल्याला कोणी शिकवायला नको. हुरडा हा दुसऱ्या कशाचाही थेट अवतार नाही. शेतातच आगटी पेटवायची, कणसे भाजायची, हातावर चोळायची, जवसाची चटणी, दही, गूळ. कणीस हुरड्यावर असते ते मोजके दिवस. म्हणून हुरड्याचा धंदा करणारे शेतकरी टप्प्याटप्प्याने पेरतात, म्हणजे थंडीभर गिऱ्हाईक सांभाळता येते. इथे मधे आडत्या नाही, पट्टी नाही, आणि भाजून देणाऱ्याचे नाव विचारायला कार्डही लागत नाही. हे हंगामापुरते का असावे, एवढाच प्रश्न. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिच्या नावाने भाकरी वाढणारी हॉटेले ती नेमकी कोणाच्या रानातली, हे सांगतातच असे नाही.

सोलापूरच्या एका साध्या खाणावळीत मी हे विचारले. मालक गल्ल्यावरून उठून आला. ज्वारी मेहुण्याच्या रानातली, वर्षाची एकदम घेतो, बाजारभावापेक्षा क्विंटलमागे थोडे जास्त देतो, कारण पीठ विरी जात नाही, भाकरी तुटत नाही. मग हे फळ्यावर का लिहीत नाही, म्हटल्यावर तो हसला. पुढच्या खेपेला गेले तर भाकरीच्या दराखाली खडूने गावाचे नाव लिहिलेले होते, मेहुण्याचे नव्हते. “नाव लिहिलं तर बाकीचे भाऊबंद विचारतील, मॅडम, आमची का घेत नाही म्हणून.” मग त्यांचीही थोडी घ्या की, म्हटले. तो म्हणाला, एवढ्या भाकरी खपायला हव्यात ना. रोज दोनशे खपतात, लग्नसराईत त्याहून कमी.