हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की आपल्या देशातल्या बहुतेक पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. माणूस समोर उभा असतो, बोलत असतो, कधी वैतागून ओरडतही असतो. पण दाखला झाल्याशिवाय सरकारदरबारी त्याचे जिवंत असणे खरे धरले जात नाही. दाखला राहिला की पेन्शन थांबते.

आमच्या जुळे सोलापुरात आसरा चौकापासून सैफुलपर्यंत निवृत्त लोकांची घरे पुष्कळ. शिक्षक, एसटी आणि रेल्वेतले, पोलीस खात्यातले, आणि फौजेतले. यांतला फौजी थोडा वेगळा. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून 35 ते 40 च्या वयात घरी येतो. म्हणजे नोकरीपेक्षा नोकरीनंतरचे आयुष्य दुप्पट-तिप्पट मोठे. या आयुष्यात दरवर्षी एकदा त्याला दाखला द्यायचा असतो.

2014 पासून 'जीवन प्रमाण' नावाची डिजिटल सोय आहे. अंगठा टेकवला की दाखला झाला. पण म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात. विड्या वळून वळून बोटे गुळगुळीत झालेल्या आमच्या सोलापूरच्या बायकांना हे सांगायला नको. त्यांचा अंगठाही मशीन घेत नाही. 2021 पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो. तुम्हा-आम्हाला दहा मिनिटांचे काम. मोतीबिंदू झालेल्या, साधा फोन वापरणाऱ्या 78 वर्षांच्या माणसाला मात्र तो डोंगर वाटतो.

फौजेच्या पेन्शनचा सगळा कारभार आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत गेला आहे. तिथे नावाचे एक अक्षर चुकले तरी गाडी अडते. फौजेच्या रेकॉर्डला बायकोचे नाव जैनबबी, आधारवर झैनब, बँकेच्या पासबुकात जैनाबी. तिन्ही एकच बाई. नवरा होता तोवर कुणाला फरक पडला नाही. तो गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी या तीन नावांची एक बाई करता करता ती बिचारी थकून जाते. लग्न, मुलांचे जन्म यांची नोंद पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये झाली नसेल तर आणखी कागद, आणखी हेलपाटे.

मला यावर लिहावेसे वाटले, कारण आम्हा मुसलमानांनाही एक दाखला वारंवार मागितला जातो. त्याला नोव्हेंबरचे बंधन नाही. भारत-पाकिस्तानचा सामना असो, सीमेवर काही घडो, कुठे स्फोट होवो, दाखला मागणारा हजर. तुम्ही या देशाचे आहात ना? मग दाखवा. एकदा दाखवून भागत नाही, पुढच्या वेळी नव्याने द्यावा लागतो.

मग आम्ही काय करतो? 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर वीर अब्दुल हमीद आणि ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांची छायाचित्रे फिरू लागतात. दोघेही खरोखर थोर. उस्मान साहेबांची बलुच रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली, ते इथे राहिले. नौशेरा त्यांनी राखले आणि 3 जुलै 1948 रोजी झांगडजवळ तोफगोळ्याने त्यांचा जीव घेतला. वयाची 36 वर्षेही पूर्ण झाली नव्हती. 4 ग्रेनेडिअर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरण भागात जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले, आणि तिथेच शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

छायाचित्रे फिरवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यांचा उपयोग पावतीसारखा करायला. हमीद रणगाड्यासमोर गेले ते साठ वर्षांनंतर तुमच्या-माझ्या हातात दाखला असावा म्हणून नव्हे. आपली पलटण होती, आपली जमीन होती, कर्तव्य होते. त्यांची कुर्बानी आपण आपल्या सोयीसाठी वटवतो, तेव्हा तिची किंमत आपणच कमी करतो. आमच्या सोलापूरने हे फार पूर्वी शिकवले आहे. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. इथला कुणीही माणूस ही चार नावे एका दमात घेतो. यांतला एक मुसलमान होता म्हणून बाकीच्यांचा दाखला झाला, असा हिशेब इथे कुणी मांडत नाही.

उपकार फेडायचे तर कसे, याचे उत्तर मला माझ्या दीनमध्ये सापडते. आपण शुक्र हा शब्द सहज वापरतो. 'कसं काय?' 'अल्लाह का शुक्र है.' पण कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद यांच्या घराण्याला शुक्राबद्दल जे सांगितले आहे, तिथे शुक्र हा बोलायचा शब्द नाही, करायचे काम आहे. अमल करा आणि त्या अमलातून शुक्र अदा करा, असा तो हुकूम. आणि माणसांचे उपकार जो जाणत नाही त्याचा अल्लाहकडचा शुक्रही अपुरा, अशा अर्थाची हदीस आपल्यापैकी अनेकांनी मदरशात पाठ केलेली आहे. दोन्ही एकत्र ठेवले की शुक्राला हातपाय फुटतात.

याचे चांगले उदाहरण मला फुटबॉलने दाखवले. 2022 च्या कतार विश्वचषकात मोरोक्कोने 6 डिसेंबरला स्पेनला पेनल्टीवर हरवले. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि आमच्या कॉलनीतली पोरे ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. मोरोक्कोचा संघ मैदानातच सजद्यात गेला. पोर्तुगालला हरवून उपांत्य फेरीत जाणारा तो पहिला आफ्रिकी संघ ठरला. ते सजद्याचे छायाचित्र आमच्या पोरांच्या फोनवर आजही आहे. सजदा-ए-शुक्र सुंदरच. पण कपाळ जमिनीवरून उचलल्यानंतरचे काय? सेनेगलच्या सादियो मानेने ते दाखवले आहे. तो सात वर्षांचा असताना त्याचे वडील वारले, तेव्हा बांबाली गावात दवाखाना नव्हता. 2021 मध्ये त्याच्या पैशातून त्या गावात रुग्णालय उभे राहिले. गोल केल्यावर तो सजदा करतो, आणि त्याचा दुसरा सजदा विटा-सिमेंटचा आहे.

स्पेनला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी 7 डिसेंबर होता. आपल्याकडे 1949 पासून हा दिवस सशस्त्र सेना ध्वज दिन म्हणून पाळला जातो. छोटा झेंडा छातीला लावायचा आणि निधीला पैसे द्यायचे. शाळेत आपण सर्वांनी तो टाचणीने लावला आहे. त्या सकाळी रात्रभर जागलेल्या आमच्या पोरांना मी तारखेचे विचारले. एकालाही ठाऊक नव्हते. मोरोक्कोच्या बचावपटूंची नावे मात्र तोंडपाठ.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कुणी सांगितलेच नाही तर कळणार कसे? फुटबॉल आणि फौज यांचे आपल्या देशातले नाते तर जुने आहे. ड्युरँड कप 1888 मध्ये शिमल्याला सुरू झाला तो लष्करी पलटणींसाठी. अर्धे शतक भारतीय संघाला तो जिंकता आला नाही. 1940 मध्ये दिल्लीत मोहम्मडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून तो पहिल्यांदा जिंकला. स्वातंत्र्यानंतर 1955 आणि 1958 मध्ये मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या जवानांनी जिंकला. त्याच सेंटरमध्ये घडलेला गोलरक्षक पीटर थंगराज 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताच्या गोलात उभा होता. भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून सुवर्णपदक जिंकले. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. कॅन्सर शरीर पोखरत असताना त्यांनी हा संघ बांधला आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

आपली कृतज्ञता किती उशिरा पोचते पाहा. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, म्हणजे 46 वर्षांनी. रहीम साहेब आणि पेटकर, दोघांवरचे चित्रपट आले 2024 मध्ये. पेटकर निदान ते पाहायला होते.

म्हणून मला वाटते, शाल-श्रीफळ थोडे बाजूला ठेवू. माझ्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. पलटणीच्या संघात लेफ्ट बॅक खेळलेले. गुडघे गेले तरी संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि आमच्या पोरांना ओरडतात, "अरे, चेंडूमागं सगळेच काय पळताय? ज्याच्याकडं चेंडू नाही त्यानं जागा करायची असती!" मगरिबची अजान झाली की खेळ थांबतो, पोरे वुजू करायला पळतात आणि काका खुर्ची घडी करतात. गेल्या नोव्हेंबरात त्यांचा अंगठा मशीनने घेतला नाही. बँकेतून दोनदा परत आले. तिसऱ्या दिवशी संघातल्या दोन पोरांनी त्यांना ओट्यावर उजेडात बसवले, मोबाईलवर चेहरा घेतला आणि काकांचे जिवंत असणे मंजूर झाले. काका म्हणाले, "चला, अजून एक वर्ष वाढवून दिलं बगा सरकारनं." मग त्याच पोरांनी गल्लीतल्या आणखी चौघांचे दाखले काढले. त्यात एका सैनिकाची विधवा होती.

खिदमत म्हणजे मला हेच दिसते. ईसीएचएसच्या कार्डाचा अर्ज भरून देणे, पॉलिक्लिनिकला गाडीवर नेणे, रेफरलचा कागद घेऊन दुसऱ्या दवाखान्यात सोबत बसणे. नावातल्या चुकीसाठी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून देणे. ज्यांना पेन्शन बसलीच नाही अशा हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या 65 वर्षांवरील गरीब माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून दरमहा मदत मिळू शकते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. अनेक घरांना यातले काहीच माहीत नसते.

यावर दोन आक्षेप येतील. एक म्हणजे, हे सरकारचे काम आहे. आहेच. सरकारला जाब विचारत राहावे, पण तोवर म्हाताऱ्या माणसाने रांगेत उभे राहावे काय? दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: आपल्या वस्त्यांत दुःख कमी आहे का, की आपण फौजींची सेवा करायला निघालो? पण शेजाऱ्याच्या हक्कात इस्लामने जात-धर्म पाहिलेला नाही. आणि जो पोरगा हवालदार काकांचा दाखला काढायला शिकतो तोच उद्या विडी कामगार खालाचा पीएफचा अर्ज भरून देतो. हात एकदा कामाला लागला की तो माणसे वेगळी काढत बसत नाही.

माझी अट मात्र एकच. फोटो काढायचा नाही. 'मुस्लिम युवकांची माजी सैनिकांना मदत' अशी बातमी द्यायची नाही. बातमी दिली की खिदमतीचा पुन्हा दाखला होतो, आणि तो दाखला मागणाऱ्याचे पोट कधीच भरत नाही. डाव्या हाताला कळू नये असे दान उजव्या हाताने द्यावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण. फुटबॉलमध्येही गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते, जागा करून देणाऱ्याचे लागत नाही. संघातल्या माणसांना ते ठाऊक असते, तेवढे पुरे.

येत्या नोव्हेंबरात तुमच्या गल्लीत कुणाचा दाखला राहिलाय ते विचारून घ्या. मोबाईल चार्ज केलेला असू द्या, आणि नमाजनंतर अर्धा तास हाताशी ठेवा. मुसलमान असाल तर तो शुक्र समजा. नसाल तर तुमच्याकडे त्याला जो शब्द असेल तो वापरा. काकांना चहा मात्र त्यांच्याच घरचा घ्या. फौजी माणूस आहे, फुकटची सेवा त्याला आवडत नाही.