अर्जातून मशीन लपवू नका

"डॉक्टर, त्या झोपेच्या मशीनचं तेवढं लिहू नका. नाहीतर नाकारतील पोराला." काही वर्षांपूर्वी ओळखीच्या घरातल्या एका आईनं मला हे सांगितलं आणि मी ते ऐकलं. मुलगा पूर्व आफ्रिकेतल्या एका खेड्यात वर्षभर स्वयंसेवक म्हणून शिकवायला निघाला होता. त्याला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होता, रोज रात्री सीपॅप हे हवेचा दाब देणारं मशीन लावून झोपायचा. फिटनेसच्या दाखल्यावर मी 'अन्य आजार नाही' असं लिहून सही केली. गावात वीज आली तर यायची, आणि आली तरी रात्रभर टिकत नसे. तिसऱ्या महिन्यात भर दुपारी मोटरसायकल चालवताना त्याचा डोळा लागला. पाय मोडला, जिवावरचं पायावर निभावलं. विम्याचा दावा केला तेव्हा कंपनीनं जुने कागद मागवले, आणि आजार दडवला म्हणून पैसे नाकारले. दाखल्यावरची सही माझी होती.

आपल्याकडे आजार झाकायची सवय जुनी आहे. स्थळ बघताना मुलीचा दमा सांगायचा नाही, नोकरीच्या तपासणीला जाताना कानातलं यंत्र काढून ठेवायचं. यामागे भीती असते आणि ती अगदीच खोटी नसते, हे मला मान्य आहे. पण परदेशी स्वयंसेवेची वैद्यकीय तपासणी ही पैलवानाची निवड नव्हे. तुमच्या मशीनला जे लागतं ते त्या गावात मिळेल का, एवढंच तिथे बघायचं असतं.

परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी संस्थेचं उदाहरण घ्या. तिथलं नागरिकत्व असलेली मराठी मुलंही या वाटेनं जाऊ शकतात. अर्ज केल्यावर आधी तब्येतीचा सगळा इतिहास भरून द्यावा लागतो. निवड झाली की डॉक्टर, दंतवैद्य, रक्ताच्या तपासण्या, आणि मग अंतिम मंजुरी. सेवा सत्तावीस महिन्यांची असते, बहुतेकदा मोठ्या दवाखान्यापासून लांब. म्हणून काही आजार असलेल्यांना सगळ्या देशांत पाठवत नाहीत, जिथे उपचाराची सोय आहे तिथेच पाठवतात. म्हणजे खरं लिहिलं तर अनेकदा गाव बदलतं, संधी जात नाही. खोटं लिहिलं तर नेमकं चुकीचं गाव वाट्याला येतं. वयामुळेही संधी जात नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरमधून आपल्या विक्रोळीत आल्या आणि नर्स म्हणून राबल्या. आजही त्या संस्थेत वयाला वरची मर्यादा नाही.

अर्ज भरण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारा: मशीन बंद पडलं, तर माझ्या हातात किती वेळ आहे?

सीपॅपवाल्याच्या हातात बहुधा वेळ असतो. एखादी रात्र मशीनविना गेली तर घोरणं, तुटक झोप, दुसऱ्या दिवशी सुस्ती. कुशीवर झोपावं, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, आणि त्या दिवशी गाडी चालवूच नये. पण रोजची रात्र अशी जाऊ लागली तर माझ्या त्या मुलासारखं होतं. म्हणून बॅटरी घ्या आणि ती घरीच तपासा. घरातली वीज बंद करून सलग तीन रात्री बॅटरीवर झोपून बघा. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर सगळ्यात जास्त वीज खातो. तो बंद ठेवला तर शंभर वॉट-तासांची बॅटरी साधारण एक-दोन रात्री पुरते, मशीनचा दाब किती आहे त्यावर. ह्युमिडिफायर वापरायचाच असेल तर डिस्टिल्ड पाणी कुठे मिळेल हेही विचारा, विहिरीच्या पाण्यानं टाकीत क्षार धरतात. पश्चिम आफ्रिकेत हिवाळ्यात हरमॅटन वारा सहाराची धूळ घेऊन येतो, तिथे फिल्टर नेहमीपेक्षा फार लवकर भरतात. विमानात बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात टाकलेली चालत नाही. शंभर वॉट-तासांपर्यंत अडचण नसते, त्यावर एकशे साठपर्यंत कंपनीची परवानगी लागते.

इन्सुलिन पंपाची गोष्ट वेगळी, आणि इथे मी कडकपणे बोलणार आहे. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, अंगात साठा राहत नाही. पंप थांबला की काही तासांतच साखर चढते आणि किटोन तयार होऊ लागतात. म्हणून पंपवाल्यानं पेन किंवा सिरिंज, दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन आणि त्याचा डोस लिहिलेला कागद जवळ ठेवलाच पाहिजे. हा डोस डॉक्टरांकडून निघण्याआधी ठरवून घ्या, तिथे जाऊन अंदाजानं नको. आणखी एक. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच कुप्या मिलीलिटरला ४० युनिटच्या असतात, बाहेर जवळपास सगळीकडे १०० युनिटच्या. लाल टोपणाची ४० ची सिरिंज १०० च्या कुपीत घातली तर अडीचपट इन्सुलिन अंगात जातं. जीव जाऊ शकतो यानं. फ्रिजचा प्रश्न मात्र लोकांना वाटतो तेवढा अवघड नाही. केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीतल्या उष्म्याचा आधार घेऊन एमएसएफ ही डॉक्टरांची मदतसंस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी अभ्यास केला. २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानात इन्सुलिन चार आठवडे टिकतं, हे त्यांनी २०२१ मध्ये मांडलं. पुढच्या महिन्यांचा न उघडलेला साठा मात्र फ्रिजमध्येच हवा, आणि तो कुणाच्या फ्रिजमध्ये हे आधी ठरलेलं हवं.

कानाच्या यंत्राला ओलावा सोसत नाही, रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि सेल इथूनच भरपूर न्या. पेसमेकरवाल्यांनी तो तपासू शकणारं सर्वांत जवळचं केंद्र कुठलं, हे शोधून ठेवावं. आणि ज्यांना घरीही ऑक्सिजनचं मशीन सतत लागतं, त्यांच्या हातात फार थोडा वेळ असतो. त्यांनी विजेचा भरवसा नसलेल्या गावी जाऊ नये, असंच मी सांगेन. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागाचं ऑनलाइन काम आहे. भाषांतर, लेखन, आखणी, सगळं घरून करता येतं आणि त्याची खरी गरज असते.

हे सगळं एका कागदावर आणा: मशीनचं नाव, ते किती वीज घेतं, बंद पडल्यास काय करणार, सुटे भाग किती नेणार, औषधांची कंपनीची नव्हे तर मूळ नावं. खाली तुमच्या डॉक्टरांची सही घ्या आणि हा कागद अर्जासोबत न मागता द्या. तपासणाऱ्याला तुमच्या मशीनची माहिती नसेल तर तो साहजिकच जपून निर्णय घेईल. तयारी दिसली तर त्याचंही काम सोपं होतं. तरीही नकार आला तर कारण लेखी मागा आणि फेरविचाराचा अर्ज करा. पीस कोअरमध्ये तशी सोय आहे, इतर संस्थांकडेही विचारायला लाजू नका.

माझ्या डॉक्टर मित्रांनो, ओळखीखातर खोटा दाखला देऊ नका. आणि आई-वडिलांनो, "लिहू नकोस" असं मुलांना सांगू नका. त्यांच्याशेजारी बसा, आजाराचा रकाना त्यांच्यासोबत भरा आणि मशीनचं नाव स्पष्ट अक्षरांत लिहा.