पैसे परत नकोत



गेल्या पालक-शिक्षक सभेत बालवाडीच्या सहलीचा विषय निघाला आणि ‘यंदा मुलांना बोटीतून डॉल्फिन दाखवूया’ अशी सूचना आली. सूचना येताच टाळ्या पडल्या. आम्हीही त्या टाळ्यांत होतो. दूरवरून दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांच्या मुलांनी आपल्या समुद्रातले डॉल्फिन पाहावेत आणि गोव्यात जन्मलेल्या मुलांनी ते टीव्हीवर पाहावेत, हे काही बरे नव्हे. पण चार-पाच वर्षांची मुले बोटीत बसवायची म्हणजे जबाबदारी मोठी. म्हणून सहल समितीतील आम्ही सहाजण, चार पालक आणि दोन शिक्षिका, आधी स्वतः जाऊन आलो. आमच्यातील एकीची साडेचार वर्षांची मुलगीही बरोबर होती. त्या फेरीनंतर आमचे मत बदलले. का बदलले, हे पुढच्या सभेपूर्वी सर्वांना कळावे म्हणून हा लेख.

मांडवी नदी समुद्राला मिळते तिथे एका अंगाला आग्वाद आणि दुसऱ्या अंगाला काबोचे टोक आहे. नेरूल, सिंकेरी, पणजी अशा ठिकाणांहून निघणाऱ्या बोटी याच परिसरात डॉल्फिन दाखवायला नेतात. आम्ही गेलो त्या धक्क्यावर पाटी होती, ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’. ती वाचून आम्हाला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. आमचा पहिला प्रश्न होता, “नक्की दिसतील ना?” दुसरा, “सहाजण आहोत, किती कमी कराल?” लाइफ जॅकेटविषयी आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. ते आठवले मुलीच्या अंगात जॅकेट घातल्यावर. जॅकेट मोठ्या माणसाचे होते. खांद्याशी धरून जरा वर उचलले, तर ते थेट तिच्या कानांवर आले आणि मूल खाली राहिले. पाण्यात पडल्यावर नेमके हेच झाले असते. लहान मापाचे मागितले तेव्हा पेटीच्या तळातून दोन निघाली. त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला होता.

पुढे डॉल्फिन दिसले. दोन होते, एक मोठा आणि त्याच्या कुशीला चिकटून एक लहान. पाठ वर आली, श्वासाचा फुस्स आवाज झाला आणि पुन्हा पाणी सपाट झाले. फार सुंदर क्षण होता तो. पण तो आमच्या एकट्याचा नव्हता. बघता बघता पाच बोटी तिथे जमल्या. कुणी शिट्ट्या मारू लागले, कुणी “तिकडे, तिकडे!” ओरडू लागले आणि पाचही बोटी त्या दिशेला वळल्या. जोडी दूर जाऊन वर आली, बोटी तिकडे धावल्या. तिसऱ्या वेळेनंतर ती दिसलीच नाही. परतीच्या वाटेवर लाटा वाढल्या, डिझेलच्या वासाने मुलीला बोट लागली आणि तिने आईच्या मांडीवर ओकारी केली.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत तिने चित्र काढले. कागदावर पाच बोटी आणि खाली निळे पाणी. बाईंनी विचारले, “डॉल्फिन कुठे गं?” ती म्हणाली, “खाली आहेत. वर बोटी आहेत ना!” हे चित्र शिक्षक-खोलीत लावले आहे. सभेला येताना जरूर पाहावे.

आता थोडी माहिती. आपल्या किनाऱ्यालगत नेहमी दिसणाऱ्या डॉल्फिनच्या पाठीवर, पराच्या बुडाशी, बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो. म्हणून त्याला कुबडाचा डॉल्फिन म्हणतात. तो खोल समुद्रात जात नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि नदीमुखाशी मासे धरून जगतो. त्यामुळेच तो आपल्याला सहज दिसतो आणि त्यामुळेच जाळी, बोटी, सांडपाणी यांचा त्रासही त्यालाच अधिक होतो. जगातील वन्य जिवांच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली त्याला संकटग्रस्त ठरवले. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे, म्हणजे कायद्याने वाघाला जे संरक्षण दिले तेच यालाही. डॉल्फिन हा मासा नव्हे, हे आपल्या पाचवीच्या मुलांनाही ठाऊक आहे. तो श्वासासाठी वर येतो आणि पिलाला दूध पाजतो. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा आवाजावर चालतो. स्वतः आवाज काढायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे ते ओळखायचे. अशा प्राण्याभोवती पाच इंजिने घरघरू लागली, तर भर बाजारात बँड वाजत असताना आईने पोराला हाक मारावी तशी गत होते.

सुरक्षेचा प्रश्न तर याहून जवळचा. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला, त्यांत लहान मूलही होते. त्या बोटीवरील अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. त्यानंतर आठवडाभरातच, २५ डिसेंबरला, आपल्या कळंगुटच्या समुद्रात किनाऱ्यापासून जवळच पर्यटकांची बोट उलटली. २० जणांना वाचवण्यात आले, एक गृहस्थ दगावले. हे वाचून कुणी भिऊन घरी बसावे असे आमचे म्हणणे नाही. ‘जवळच तर जायचे आहे’ हा मात्र सुरक्षेचा हिशेब नव्हे, एवढेच सांगायचे आहे.

मग दोष बोटवाल्यांचा का? आमच्या मते, नाही. निदान त्यांचा एकट्याचा नाही. परत आल्यावर आम्ही आमच्या तांडेलाला विचारले, “इतके मागे का धावता?” तो वयस्क मनुष्य, जन्माचा मच्छीमार. म्हणाला, “लहानपणी वडिलांबरोबर रापणीला जायचो, तेव्हा हे आपणहून होडीजवळून जात. आम्ही ‘रावात, येतले’ म्हणून बसून राहायचो. आता बसून राहिलो तर लोक उतरताना पैसे मागतात.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. या धंद्यावर कितीतरी मच्छीमार घरे चालतात, त्यांतली काही मुले आपल्याच शाळेत शिकतात. गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानदार पुढे करतो. आपण डॉल्फिन मागतो, म्हणून तो डॉल्फिनमागे धावतो. आपण जॅकेट मागत नाही, म्हणून ते पेटीच्या तळाशी राहते. आणि आपण काय मागतो हे शेजारी उभे असलेले मूल ऐकत असते.

काही पालक म्हणतील, मूल लहान आहे, त्याला एवढे काय कळते? आमचा अनुभव उलटा आहे. मोठ्यांना डॉल्फिन दिसला की पैसे वसूल झाले. लहान मुलाला मात्र तो कसा दिसला, हेही लक्षात राहते. सर्कशीतल्या प्राण्यासारखा तो हुकमाने यायला हवा, की तो त्याच्या घरात आहे आणि आपण त्याच्या दारात थांबलो आहोत, हा धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. तो आपल्याच वागण्यातून जातो.

तेव्हा सभेपुढे आमच्या सूचना अशा आहेत.

बालवाडीच्या मुलांना यंदा बोटीत नेऊ नये. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर त्यांना नदीमुखाजवळच्या एखाद्या सुरक्षित, कठडा असलेल्या उंच जागी न्यावे. सोबत दोन दुर्बिणी, पाणी आणि खाऊ असावा. तासभर बसावे. हा डॉल्फिन किनाऱ्याजवळ राहणारा असल्याने जमिनीवरूनही दिसू शकतो. नाही दिसला तर घारी, बगळे, बार्ज आणि मच्छीमारांच्या होड्या तर दिसतीलच. थांबूनही एखादी गोष्ट मिळत नाही, हे कळायलाही साडेचार हे वय लहान नाही.

पहिली ते चौथीच्या मुलांना बोटीतून न्यायला हरकत नाही, पण प्रत्येक मुलाबरोबर घरचे एक मोठे माणूस हवे. फेरी सकाळचीच असावी, कारण दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की लाटा वाढतात. या वयात बोट अधिक लागते, म्हणून तेलकट न्याहारी टाळावी आणि आल्याची वडी जवळ ठेवावी.

संस्थेच्या विश्वस्तांना आमची विनंती आहे की, शाळेसाठी लहान मापाची बारा लाइफ जॅकेटे घ्यावीत. मुले बारा-बाराच्या गटाने नेता येतील. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलीच जॅकेटे घ्यावीत, म्हणजे ती वर सरकत नाहीत. सहलीव्यतिरिक्त ती पालकांनाही रविवारी नेता यावीत.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे आणि तिला खर्च काहीच नाही. बोटीत पाय ठेवण्यापूर्वी ठरलेले सगळे पैसे तांडेलाच्या हाती द्यावेत आणि मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे, “डॉल्फिन दिसला नाही तरी पैसे परत नकोत. आम्हाला घाई नाही. मागे धावू नका, लांबच इंजिन मंद करा, पिलू दिसले तर बोट वळवा. पण प्रत्येक मुलाच्या अंगात त्याच्या मापाचे जॅकेट असल्याशिवाय दोर सोडू नका.”

आम्ही आमच्या तांडेलाला हे सांगून पाहिले. त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “असे गिऱ्हाईक आले तर मलाही बरे.” पुढच्या फेरीला आपली मुले त्याच्याच बोटीतून न्यावीत, असे आमचे मत आहे. आपले मत वेगळे असेल तर सभेत अवश्य मांडावे, आम्ही ऐकायला तयार आहोत.